मी नक्की काय शिकवायचो?

माझ्या नोकरीचं नाव आमच्या घरात कुणालाच धड सांगता आलं नाही. आई शेजारणींना सांगायची, "तो कॉलेजात मजुरांचं काहीतरी शिकवतो." सासुरवाडीला मी कायम "मॅनेजमेंटचे प्रोफेसर". आणि आता पुतण्या-भाच्यांच्या मुलांना एवढंच माहीत की आजोबा "एचआरवाले" होते, म्हणजे ज्यांचा मेल आला की पोटात गोळा येतो त्यांच्यापैकी कुणीतरी! गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर आहे. १९७९ ते २०१३ अशी ३४ वर्षं मी एकाच कॉलेजात शिकवलं, पण तेवढ्यात माझ्या विषयाची तीन नावं होऊन गेली. आधी 'कामगार कल्याण', मग 'पर्सोनेल मॅनेजमेंट आणि औद्योगिक संबंध', आणि शेवटी 'ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट'.

पाटी बदलली तर बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. पण दुकानाची पाटी बदलली की आतला मालही हळूहळू बदलतो. आमच्या विषयातून काय गेलं आणि काय उरलं हे एकदा सविस्तर लिहायचं होतं. आणि ते धंतोलीत बसून लिहायला मला कुठे लांबही जावं लागत नाही, कारण या विषयाचे बरेचसे धागे नागपुरातच आहेत.

सुरुवात एम्प्रेस मिलपासून करावी लागते. आमच्या घरून कॉटन मार्केटच्या बाजूने रेल्वेलाइन ओलांडली की गांधीसागर तलावाजवळ ही मिल होती. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस. कारभार पाहायला त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणलं, जे आधी रेल्वेत नोकरीला होते. मिल उभी राहिली, साचे आले, पण माणसं कामावर टिकेनात. टाटांचे चरित्रकार सांगतात की रोज सुमारे २० टक्के माणसं गैरहजर असत. म्हणजे पाचातला एक खाडा! शेतीचा हंगाम आला की माणूस गावी, सण आला की गावी, हातात चार पैसे आले तरी गावी.

त्या काळी यावर सोपा उपाय होता दंडाचा. बेझनजी आणि जमशेटजींनी दुसरा रस्ता धरला. चांगल्या हजेरीला बक्षिसं, आत हवा बरी ठेवण्याची यंत्रं, आगीसाठी पाण्याचे फवारे. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड. आता हे आकडे कायद्याच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात आला १९२३ साली. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ साली. मिल सुरू झाली तेव्हा तर देशात फॅक्टरी कायदाच नव्हता, पहिला १८८१ चा. म्हणजे आज ज्याला एचआर म्हणतात त्याचे निम्मेअधिक धडे त्या शब्दाचा पत्ता नसताना नागपुरात गिरवले गेले. दरवर्षी नव्या वर्गाला मी हे पहिल्याच तासाला सांगायचो आणि पोरांच्या चेहऱ्यावर जरा अभिमान यायचा. आपलं गाव म्हटल्यावर येणारच.

पण दुसऱ्या तासाला मी विचारायचो, की या सगळ्यात कामगाराला कुणी काही विचारलं होतं का? पेन्शन किती, कुणाला, किती वर्षांच्या नोकरीनंतर? हे सगळं मालकाने ठरवलं होतं. मालक भला होता म्हणून ठीक. जे मालक देतो ते मालक बंदही करू शकतो. शेजारची दुसरी मिल असलं काही देत नसेल तर तिथला कामगार कुणाकडे बोट दाखवणार?

मालक देतो ते आणि कामगार मागून घेतो ते, अशी दोन्ही चाकं आमच्या विषयाला होती. दुसऱ्या चाकाचा इतिहासही नागपुरातून जातो.

१९२९ च्या अखेरीला अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्याच वर्षी सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयी एक रॉयल कमिशन नेमलं होतं आणि कोकणातून मुंबईत येऊन कामगार चळवळीला आयुष्य दिलेले ना. म. जोशी त्या कमिशनचे सभासद होते. कमिशनवर बहिष्कार घालायचा की त्यात बसून कामगारांची बाजू मांडायची, यावरून (आणि इतरही मतभेदांवरून) नागपुरात संघटना दुभंगली. बहिष्काराचा ठराव झाला. जोशी, व्ही. व्ही. गिरी आणि त्यांच्या विचाराचे लोक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळं फेडरेशन काढलं. सरकारने मांडलेल्या टेबलाशी जाऊन बसावं की नाही, हा तो वाद. मला दोन्ही बाजू समजतात. परकं सरकार, त्याचं कमिशन, त्यात बसून काय मिळणार? आणि न बसावं, तर आपल्यावाचूनच सगळं ठरणार.

त्या कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि आमच्या पोटापाण्याचा धंदा त्यातून निघाला. तोपर्यंत मिलमध्ये माणूस लावायचा आणि काढायचा तो जॉबर. त्याला दस्तुरी दिल्याशिवाय काम मिळत नसे, आणि मिळालेलं टिकवायलाही त्याचीच मर्जी सांभाळावी लागे. कमिशनने सांगितलं की भरतीचा अधिकार जॉबरकडून काढा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ४९ आलं. जिथे ५०० किंवा त्याहून जास्त कामगार तिथे वेल्फेअर ऑफिसर हवाच. आता ऑफिसर हवा म्हटल्यावर त्याला डिग्री हवी, डिग्रीला कॉलेज हवं, कॉलेजला मास्तर हवा. मुंबईला टाटांच्या नावाची समाजकार्याची संस्था १९३६ पासून होतीच. नागपुरातही मातृसेवा संघाची समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली. कायद्यातल्या एका कलमाने माझ्यासारख्या किती जणांची चूल पेटली कोण जाणे!

या दोन सालांच्या मधलं एक साल नागपूरकरांना विसरता येत नाही, ते १९४२. त्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची नागपूरची मोठी परिषद झाली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिथे जन्मलं, आणि त्याच महिन्यात त्यांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात कामगार खातं हाती घेतलं. ऑगस्टमध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार असे तिघे एका परिषदेत समोरासमोर बसले. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने, त्यांच्याच खात्याच्या काळात मांडलेल्या प्रस्तावातून. आमच्या पुस्तकात याला 'त्रिपक्षीय यंत्रणा' असं रुक्ष नाव आहे. मी फळ्यावर तीन खुर्च्या काढायचो. तिसरी खुर्ची कामगाराची. तिच्यावर बसणारा कुणाच्या मेहेरबानीने बसत नाही, हा सगळा मुद्दा.

थोडं घरचं सांगतो. माझे वडील वकील होते. धंतोली तेव्हा वकिलांची. आता त्या पाट्या जाऊन दवाखान्यांच्या पाट्या लागल्यात आणि गल्लीत स्कूटर लावायला जागा नाही, पण माझ्या लहानपणी रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर मिलची माणसं येऊन बसत. चपला पायरीखाली, हातात पिशवी आणि पिशवीत कागद. चार्जशीट, पगाराची पावती, कुणाचा रजेचा अर्ज नामंजूर झालेला. बहुतेक अर्जांचा शेवट ठरलेला असे, "मेहेरबान साहेबांनी कृपा करून गरिबावर दया करावी." वडील ती ओळ लाल शाईने खोडत आणि वर लिहीत, "स्थायी आदेशांनुसार मला ही रजा देय आहे." माणूस घाबरायचा. "साहेब रागावतील ना जी?" वडील म्हणायचे, "रागावू दे. दया मागितली तर तो नाही म्हणू शकतो. नियम दाखवला तर त्याला कारण लिहून द्यावं लागतं."

पुढे मी लॉ न करता हा विषय घेतला तेव्हा वडिलांना वाईट वाटलं होतं, पण अभ्यासक्रम वाचून ते म्हणाले, "अरे, हे तर आपल्या ओसरीवरचंच आहे."

आणि खरंच होतं. मी शिकवायला लागलो तेव्हा दोन्ही चाकं अभ्यासक्रमात होती. एका बाजूला भरती, प्रशिक्षण, पगाराची रचना, कँटीन, पाळणाघर. दुसऱ्या बाजूला युनियनचा इतिहास, सामुदायिक सौदा, लवाद, चौकशी कशी चालवायची. आमचे जुने सर न्या. गजेंद्रगडकरांच्या श्रम आयोगाचा १९६९ चा अहवाल वर्गात उघडून दाखवत. वेल्फेअर ऑफिसरला मालकाच्या वतीने कामगारांच्या तंट्यात उभं करू नये, असं त्यात म्हटलं होतं. पगार मालकाचा, पण काम मालकाच्या वकिलीचं नव्हे! अशी नोकरी करणं किती अवघड, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आम्हाला पुष्कळदा ऐकवलं.

नागपूरचा आणखी एक मोठेपणा फारसा कुणी सांगत नाही. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्या गावात आलं. (पुढे त्याला दत्तोपंत ठेंगडींचं नाव दिलं गेलं. तेही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे आणि शिक्षण नागपूरचं.) कल्पना फार सुरेख होती. मंडळाचे शिक्षणाधिकारी कामगारांतूनच काही जणांना निवडून कामगार-शिक्षक म्हणून तयार करणार, आणि ते आपापल्या मिलमध्ये, कारखान्यात परत जाऊन सोबत्यांना शिकवणार. कॉलेजात आम्ही ऑफिसर घडवत होतो आणि त्याच गावातून टेबलापलीकडच्या माणसालाही शिकवलं जात होतं. मी कधीमधी पाहुणा म्हणून या वर्गांना जात असे. एकदा महागाई भत्त्याचं गणित समजावत होतो. मागच्या बाकावरच्या साचेवाल्याने खिशातून पावती काढली आणि माझ्याच सूत्राने हिशेब करून विचारलं, "सर, मग हे सात रुपये कुठे गेले?" एमएच्या वर्गात असा प्रश्न मला कुणी विचारला नाही.

असो. पाटी कधी बदलली ते आता सांगतो. कलकत्त्याची पर्सोनेल मॅनेजमेंटची संस्था आणि मुंबईची लेबर मॅनेजमेंटची संस्था १९८० मध्ये एकत्र झाल्या. नव्या नावात 'पर्सोनेल' राहिलं, 'लेबर' गेलं. जमशेदपूरचं एक्सएलआरआय १९४९ मध्ये निघालं तेव्हा त्याच्या नावातच 'लेबर रिलेशन्स' होतं. आता ती 'स्कूल ऑफ मॅनेजमेंट' आहे आणि जुन्या नावाची फक्त आद्याक्षरं उरली आहेत. १९८५ मध्ये तर सरकारने शिक्षण मंत्रालयालाच 'मनुष्यबळ विकास' करून टाकलं. ते परत 'शिक्षण' व्हायला २०२० उजाडलं. आमचं खातं मात्र परत फिरलं नाही.

हे नुसतं फॅशनमुळे झालं असं नाही. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि त्यातली असंख्य परत आत गेलीच नाहीत. नागपुरात १९८६ मध्ये टाटांनी एम्प्रेस मिलमधून अंग काढून घेतलं, मग राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवली आणि २००२ मध्ये ती बंद झाली. आता त्या जागेवर मॉल आहे. मिल गेल्या, मोठ्या युनियन गेल्या, मग सामुदायिक सौदा शिकून पोरांना नोकरी कुठे लागणार? अभ्यास मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न आला की माझ्याकडेही झटपट उत्तर नसे. औद्योगिक संबंधांचे दोन पेपर होते, त्याचा एक झाला. मग तोही ऐच्छिक झाला. त्याची जागा 'टॅलेंट', 'एंगेजमेंट', 'लीडरशिप' यांनी घेतली. हेही शिकवण्यासारखे विषय आहेत, मी शिकवलेत. पण नीट पाहिलं तर हा सगळा बेझनजींचाच धडा आहे, नव्या कपड्यांत. माणूस टिकावा म्हणून कंपनीने काय द्यावं! तिसऱ्या खुर्चीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

हा बदल मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो वर्गातल्या एका खेळात. दरवर्षी मी वर्गाचे दोन भाग करायचो, एक मॅनेजमेंट आणि एक युनियन. दोघांना एका काल्पनिक मिलचा ताळेबंद, महागाईचा निर्देशांक आणि एक मागणीपत्र द्यायचो. विणकराने दोनाऐवजी चार साचे सांभाळावेत असं मालकाचं म्हणणं, आणि वाढीव कामाचा वाढीव पगार द्या असं युनियनचं. तीन तास वाटाघाटी आणि मध्येच बाजू बदलायची. ऐंशीच्या सुमारास युनियनच्या खुर्च्यांसाठी धक्काबुक्की व्हायची, कारण तिकडे बसलं की टेबलावर हात आपटता येतो! माझ्या शेवटच्या काही वर्षांत मुलं हळूच येऊन म्हणायची, "सर, आम्हाला मॅनेजमेंटकडेच घ्या ना." युनियनकडे बसायला चिठ्ठ्या टाकाव्या लागत.

एम्प्रेस मिल बंद झाली त्यानंतरच्या एका वर्षी मात्र एका मुलीने न सांगता युनियनची खुर्ची घेतली. तिचे वडील मिलमध्ये होते. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या पगाराच्या पावत्या रबरबँड लावून घेऊन आली आणि माझ्या काल्पनिक मिलच्या आकड्यांना तिने खऱ्या आकड्यांनी सोलून काढलं. "तुमच्या मागणीपत्रात घरभाडं कुठे आहे, सर?" समोरच्या बाजूची हुशार मुलं गप्प झाली.

"मग आता याचं काय," असं तुम्ही विचाराल. मिल नाहीत, तर मिलचा विषय कशाला? सांगतो. आपल्याच घरातलं उदाहरण आहे. मागे आपल्या कुटुंबातल्या एका मुलाला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे तो, एका खोलीत बोलावून सांगितलं की आजच राजीनामा दे, नाहीतर पुढच्या नोकरीला चांगलं पत्र मिळणार नाही. त्याने बाहेर येऊन मला फोन केला. मी म्हटलं, सही करू नकोस. जे तोंडी सांगतात ते लेखी माग. नेमणुकीचं पत्र काढ आणि नोटिशीचं कलम वाच. त्याने तसं केलं, आणि निदान नोटिशीचा पगार आणि सन्मानाचं पत्र घेऊन तो बाहेर पडला. पुढे तो म्हणाला की त्या खोलीत समोर बसलेली मुलगी त्याच्याच वयाची होती, एचआरमध्ये एमबीए, आणि तिचे हात थरथरत होते. तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं. काढायचं कसं याचा मजकूर तिला मिळाला होता, पण समोरचा माणूस "कारण लिहून द्या" म्हणाला तर काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

आणि आता कायदाच नव्याने लिहिला गेलाय. जुने २९ केंद्रीय कायदे गुंडाळून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात दोन्ही बाजूंचं काही आहे. कामगार कपात किंवा टाळेबंदीऐवजी कारखानाच कायमचा बंद करायचा तर सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. संपाला आधी नोटीस देणं सगळीकडे सक्तीचं झालं. पण दुसरीकडे, वाटाघाटी करणाऱ्या युनियनला आता केंद्रीय कायद्यानेच मान्यता दिली आहे, आणि वेल्फेअर ऑफिसरची अट ५०० ऐवजी २५० कामगारांवर आली. म्हणजे अर्ध्या आकाराच्या कारखान्यालाही तो हवा. कायद्यात वाटाघाटीचं टेबल आलं, ऑफिसरच्या जागाही वाढतील, आणि वाटाघाटीचा पेपर आपण ऐच्छिक करून बसलोय! मी आता अभ्यास मंडळावर नाही. जे आहेत त्यांनी हे मनावर घ्यावं.

ती पावत्या आणणारी मुलगी बुटीबोरीच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. दर तीन वर्षांनी पगाराचा करार करायचा असतो, त्याआधी ती आपल्या सुपरवायझरांना माझा खेळ खेळायला लावते, आणि मध्येच बाजू बदलायलाही. मागच्या दिवाळीत घरी आली होती. म्हणाली, "सर, या वेळी करार व्हायला चार महिने लागले. वरचे लोक चिडलेत, म्हणतात तू युनियनला फार बोलू देतेस." मी विचारलं, संप झाला का? "नाही." कुणी कोर्टात गेलं का? "नाही."

मग लागू देत की चार महिने.